करवत घेण्याआधी

लाकूडकामाची हौस उपजली की मनुष्य प्रथम यंत्राच्या शोधास लागतो, आणि ते यंत्र कोठे ठेवावयाचे, त्यावर कोणते लाकूड चिरावयाचे व ते लाकूड वर्षभर कोणत्या हवेत राहावयाचे, या प्रश्नांकडे त्याचे लक्ष मागाहून जाते. देशावरच्या कोरड्या हवेत हा क्रम कदाचित निभावून जात असेल; परंतु पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत, जेथे मृगापासून हस्तापर्यंत पावसाला खंड म्हणून फारसा नसतो आणि वर्षाकाठी त्याचे मान ३,००० मिलिमीटरांच्या आसपास जाते, तेथे आधी शेड, मग लाकूड आणि सर्वांच्या शेवटी करवत, हाच क्रम योग्य होय, असे माझे दृढ मत झाले आहे. रोह्याला घरामागच्या परसात शेड उभी केल्यापासून ज्या ज्या स्नेह्यांनी मला "टेबल-सॉ कोणता घ्यावा?" म्हणून विचारले, त्या प्रत्येकाला मी उलट, तुमच्या परसातले जोते किती उंच आहे, असेच विचारत आलो आहे.

हा प्रश्न ऐकणारास अप्रस्तुत वाटतो. पण १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठणे येथे जो अनर्थ मांडला तो ज्याने पाहिला किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, अथवा २००५ सालच्या २६ जुलैचे पाणी ज्याच्या स्मरणात आहे, त्याला तो तसा वाटू नये. शेडचे जोते भोवतालच्या जमिनीहून निदान दोन फूट उंच घ्यावे, पागोळ्यांचे पाणी दूर नेणारा चर चहूबाजूंनी खणावा, आणि कोबा घालण्यापूर्वी त्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. कारण आमच्याकडची ओल केवळ आकाशातून उतरत नाही, ती जमिनीतूनही वर चढते, आणि कोब्यावर टेकून ठेवलेल्या फळीचे खालचे टोक श्रावणात काळे पडलेले दिसते ते याच चढत्या ओलीमुळे. नैर्ऋत्येकडची भिंत सरळ बंद ठेवावी, तिला खिडकी देण्याच्या मोहात पडू नये. उजेड आणि वारा हे उत्तरेकडून व पूर्वेकडून घ्यावेत.

छपराविषयी दोन पक्ष आहेत आणि दोहोंनाही आधार आहे. पत्र्याचे छप्पर झटपट होते, माकडांच्या धुडगुसाला दाद देत नाही. परंतु पहाटेच्या गारव्यात तो पत्रा आतून पाझरतो आणि त्याचे थेंब नेमके खालच्या लोखंडी हत्यारांवर पडतात. मंगलोरी कौलांच्या फटींतून उष्ण हवा वर निघून जाते व आतील हवा सदैव हलती राहते, म्हणून मी कौलांचा पक्ष घेतला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले तेव्हा आमच्या जिल्ह्यात कौलेही उडाली आणि पत्रेही उडाले. तेव्हा त्या कसोटीवर कोणताच पक्ष जिंकला नाही. वासे भिंतीतील पट्टीला लोखंडी कड्यांनी आवळलेले असावेत आणि कोनाड्यात जास्तीची कौले असावीत, एवढाच बोध मी त्यातून घेतला.

शेडची लांबी मात्र पावसावर नव्हे, करवतीवर ठरते. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट लांब असतो. तो पात्यातून पार व्हावयाचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळी जागा पाहिजे, शिवाय उभे राहणाऱ्या माणसाला दोन पावले. एवढी लांबी ज्याच्या परसात नसेल त्याने पात्याच्या रेषेत समोरासमोर दोन दारे ठेवावीत, म्हणजे लांब फळी एका दाराने आत येते व दुसऱ्या दाराने बाहेर पडते. बारा फुटांच्या खोलीत दहा फुटी फळी अशा रीतीने निर्वेध चिरता येते. ही तजवीज भिंती उभ्या राहण्यापूर्वीच करावी लागते, म्हणूनही शेडचा विचार आधी.

आता लाकडाविषयी, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते सर्व विषयाचे मूळ येथे आहे.

लाकूड तोडले म्हणजे ते निर्जीव झाले असे आपण मानतो, पण हवेशी असलेला त्याचा व्यवहार पुढे शंभर वर्षेही थांबत नाही. हवेतील आर्द्रता शेकडा ६५ असेल तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी राहते. तीच आर्द्रता ९० वर गेली की हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढते. आमच्याकडे फाल्गुन आणि श्रावण यांमधील अंतर जवळजवळ एवढेच आहे. सागवान हे या बाबतीत अत्यंत संयमी लाकूड. तरीसुद्धा एक फूट रुंदीची सागाची फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते त्यात जवळपास एक सुताचा फरक पडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या सर्व मिस्त्रींचे अद्यापही चालू असलेले माप. आंबा याहून अधिक चळतो. वैशाखात घट्ट बसवलेला खण आषाढात उघडत नाही, यात सुताराचा दोष नसतो. त्या खणाला पावसाळ्याची मोकळीक दिलेली नसते, एवढेच. शाडूची मूर्ती कडक उन्हात ठेवली तर तडकते, हे पेण, हमरापूर आणि जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत लहान पोरालाही ठाऊक असते. ओल्या फळीलाही तोच न्याय लागू आहे. ती सावलीत, वाऱ्यावर, एकावर एक थप्पी लावून आणि प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून वाळवावी. जाडीच्या प्रत्येक इंचामागे एक वर्ष हा जुन्या लोकांचा हिशेब मला आजवर खोटा ठरलेला दिसला नाही.

हे लाकूड येते कोठून? पेण व रोह्याच्या डोंगरांत साग, ऐन, किंजळ, शिवण, जांभूळ हे वृक्ष आजही आहेत. परंतु ते आपल्या हौशीसाठी उभे आहेत असे समजण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यान्वये स्वतःच्या सातबाऱ्यावरील सागसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ हे वृक्षही त्याच अनुसूचीत आहेत. पुष्कळांना हा सरकारी जाच वाटतो. मला वाटत नाही. कारण हा विचार या भूमीत कायद्याहून पुष्कळ जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ साली सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा बंदोबस्त सांगितलेला आहे, तो प्रत्येक लाकूडकाम करणाराने एकदा तरी वाचावा. राज्याच्या अरण्यातील साग-शिसवासारखे लाकूड लागेल तेवढेच आणि हुजूरच्या परवानगीने तोडावे, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे तेथे म्हटले आहे; आणि आंबा-फणस ही झाडे गलबतांच्या उपयोगाची असूनही रयतेच्या शिवारातील त्या झाडांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती दीर्घकाळ पोटच्या पोरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा स्पष्ट हुकूम आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते घ्यावे. जुलूम करू नये. समुद्रावर सिद्दी आणि फिरंगी यांच्याशी गाठ असताना, लढाऊ गलबतांची निकड असताना जे राज्य आंब्याच्या झाडापाशी थबकले, त्या राज्याच्या मुलखात राहून आपण केवळ एका टेबलासाठी उभे झाड मागावे, हे मला कधीच प्रशस्त वाटले नाही.

म्हणून माझे लाकूड दोन वाटांनी येते. पहिली वाट वादळात आणि वार्धक्याने पडलेल्या झाडांची. निसर्ग वादळानंतर वाड्यावाड्यांतून फणस आणि आंबे आडवे झाले होते. पुष्कळांनी त्यांची जळाऊ लाकडे करून टाकली. ज्यांनी पंचनामा व दाखला यांची वाट पाहून ते ओंडके परवानाधारक गिरणीत नेऊन चिरून आणले, त्यांच्या घरी आज फणसाचे पाट आणि चौरंग आहेत, आणि ताज्या फणसाचा तो हळदीसारखा पिवळा गाभा वर्षानुवर्षे गडद होत तपकिरी कसा होतो, हे त्यांना रोज पाहावयास मिळते. आंब्याला मात्र दिरंगाई खपत नाही. पडल्यावर तो पावसात तसाच राहिला तर त्यात बुरशीच्या निळ्या रेघा शिरतात आणि भुंगेरे त्याला पोखरतात. ओंडका चिरणे हे घरच्या करवतीचे काम नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो; त्यासाठी गिरणी आहे, तिचा परवाना आहे, आणि गोल लाकूड सपाट टेबलावर सरकवण्याइतके धोक्याचे दुसरे काही नाही.

दुसरी वाट जुन्या घरांची. इमारतींसाठी पाडलेल्या माड्यांचे वासे, तुळया आणि दारांच्या चौकटी आमच्याकडे वखारीतून मिळतात. त्यात पन्नास-पन्नास पावसाळे पाहिलेला साग असतो. त्याच्या अंगचे वाकणे-पिळणे बहुतेक संपलेले असते, आणि वरचा धुराने काळवंडलेला थर रंध्याने निघाला की आतून तेलकट सोनेरी रंग आणि तो चामड्यासारखा उग्र वास बाहेर येतो, जो नव्या सागाला क्वचितच असतो. मात्र अशा वाशाच्या पोटात खिळे असतात. डोके तुटलेला, गंजून लाकडाच्याच रंगाचा झालेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. त्याच्याभोवती लोखंडाच्या गंजाने सागात निळसर काळा डाग पडलेला असतो, तो शोधावा, त्यावरून लोहचुंबक फिरवावा, आणि खात्री होईपर्यंत तो वासा पात्यापाशी नेऊ नये.

इतके झाल्यावर करवतीचा विचार.

आमच्या बाजूच्या बहुतेक कामांवर आज जे दिसते ते असे: प्लायवूडच्या तक्त्याला एक फट पाडून खालून हातातले कटर-मशीन उलटे कसलेले असते, त्याचे बटण दोरीने बांधून कायमचे चालू केलेले असते, आणि पाते वर उघडे फिरत असते. ना झाकण, ना पाचर, ना सरळ आधारपट्टी. त्यावर काम करणाऱ्या तरुणांचे कौशल्य मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्या कौशल्याला एवढ्या उघड्या पात्यासमोर उभे करणे हा अन्याय आहे, आणि हौशी माणसाने तर तो मार्ग मुळीच धरू नये. दुसरा प्रकार बिडाच्या जड रंधा-मशीनचा, ज्यात रंधा, करवत आणि गिरमिट एकाच धडावर असतात. ते टिकाऊ खरे, पण त्यातील करवतीलाही बहुधा मागची पाचर नसते. तिसरा प्रकार स्वतंत्र टेबल-सॉचा: घरगुती कामाला दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर पात्याचा आणि सुमारे १,८०० वॅट मोटारीचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हिंडले तर तो अनेक छापांत दृष्टीस पडतो, आणि विक्रेता प्रथम मोटारीची ताकद सांगतो. ताकद ही शेवटी पाहण्याची गोष्ट आहे.

हे मला शिकवले ते रोह्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. त्यांचे घराणे बलुत्याच्या काळात गावाचे नांगर, कुळव आणि गाड्या करीत असे. तरुणपणी त्यांनी स्वतः एका टोकाला आपण व दुसऱ्या टोकाला भाऊ असे उभे राहून मोठ्या करवतीने ओंडके चिरलेले होते. मी त्यांना यंत्रांची माहितीपत्रके दाखवली, तेव्हा त्यांनी चित्रांवरून बोट फिरवीत एकच विचारले:

"भाऊ, याला पाचर कुठं आहे?"

"पाचर कशासाठी, मिस्त्री?"

"ओंडका चिरताना चीर हातभर झाली की आम्ही तिच्यात पाचर ठोकायचो. नाहीतर लाकूड मिटतं आणि करवत धरून ठेवतं. तिथं दोन माणसं असून ओढवत नसे. इथं मोटार आहे. ती ओढणार नाही, फेकील."

सबंध विषयाचे मर्म त्या वाक्यात आहे. दहा इंची पाते मिनिटाला ३,५०० फेरे घेते तेव्हा त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ४६ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरांहून अधिक होतो. पुढचे दात लाकूड खाली दाबतात; मागचे दात मात्र वर उठत असतात. चिरलेल्या फळीच्या अंगी दडलेला ताण मोकळा होऊन तिच्या दोन बाजू पात्यामागे जवळ आल्या, किंवा आधारपट्टी मागच्या टोकाला किंचित जरी आत वळलेली असली, की हे उठणारे दात फळीला पकडतात आणि ती उचलून उभ्या असलेल्या माणसाच्या पोटावर फेकतात. आता हे पाहावे, की कोणते लाकूड अधिक मिटते? जे आतून ओले आणि बाहेरून सुकलेले आहे ते. आणि आमच्या हवेत अर्धे अधिक लाकूड याच अवस्थेत हाती येते. म्हणून कोरड्या प्रदेशापेक्षा कोकणात पात्यामागच्या पाचरीची आवश्यकता अधिक आहे. यंत्राच्या भाषेत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याबरोबर वरखाली होणारी आणि पात्याबरोबरच कलणारी असावी, दातांच्या मागे अगदी जवळ उभी राहावी, आणि तिची जाडी पात्याच्या चकतीहून जास्त पण दातांनी पाडलेल्या चिरेहून कमी असावी. हे तिन्ही गुण जेथे आहेत तेथेच पुढची बोलणी करावीत.

त्यानंतर आधारपट्टी, म्हणजे फेन्स, पाहावी. पात्याच्या एका दातावर पेन्सिलीने खूण करावी. तो दात पुढे आणून टेबलातील खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजावे. दोन्ही मापे सारखी आली म्हणजे पाते सरळ बसले आहे. मग फेन्स त्याच खाचेशी समांतर आहे की नाही ते पाहावे, आणि ती कुठेही सरकवून कुलूपबंद केली तरी तशीच राहते की नाही, हेही पुनःपुन्हा पाहावे. दुकानात इतका वेळ उभे राहू न देणाऱ्या विक्रेत्याकडून यंत्र घेऊ नये.

टेबल बिडाचे की ॲल्युमिनियमचे, याविषयी मी सर्वमान्य मताच्या विरुद्ध आहे. बिडाच्या जड टेबलाचे स्थैर्य निर्विवाद. पण पेणच्या खारेपाटातला वारा किंवा रोह्याचा श्रावण त्याच्यावर एका रात्रीत तांबूस साय आणतो, आणि ज्याला रोज मेण घासून ते पुसणे शक्य नाही त्याचे टेबल दोन पावसाळ्यांत खडबडीत होते. ॲल्युमिनियम गंजत नाही, आणि वजनाने हलके असल्यामुळे पाण्याची चाहूल लागताच ते यंत्र दोन माणसे उचलून माळ्यावर ठेवू शकतात. त्याच्या भोवती सारख्या उंचीचे मजबूत लाकडी बाक बांधले की स्थैर्याची उणीव भरून निघते. हत्यारांसाठी मात्र एक बंद कपाट करावे आणि पावसाळाभर त्यात एक साधा तापणारा दिवा जळत ठेवावा. पटाश्या आणि रंध्यांची पाती त्या उबेने स्वच्छ राहतात.

पात्याला दात कार्बाइडचेच हवेत, कारण सागाच्या अंगात वाळूचा अंश असतो आणि तो साध्या पोलादाची धार लवकर मारतो. लांबीच्या दिशेने चिरण्यास २४ दातांचे आणि प्लायवूडला ६० किंवा अधिक दातांचे, अशी दोन पाती ठेवावीत. प्रत्येक चिरेत पाते सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खाते, म्हणजे जवळजवळ एक सूत. आठ चिरा दिल्या की इंचभर लाकूड भुसा होऊन खाली पडते. पन्नास वर्षे वाढलेल्या झाडाचा तो इंच आहे, हे आखणी करताना ध्यानात असले की चिरा आपोआप कमी होतात.

त्या भुशाविषयीही बेफिकीर राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगास निश्चित कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत केली आहे. यंत्राच्या तोंडाला धूळ ओढणारी नळी आणि आपल्या तोंडाला चांगला मास्क, हे दोन्ही पाहिजेत. वीजजोडणी स्वतंत्र, १६ अँपिअरच्या खटक्यावर, उत्तम अर्थिंगसह आणि गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह असावी. ओल्या कोब्यावर अनवाणी उभे राहून यंत्र चालवू नये.

ज्याला हे सर्व एकाच वर्षी झेपणार नाही, त्याने घाई करू नये. शेडचे काम होळीनंतर काढावे, मृगापूर्वी छप्पर पुरे करावे, आणि पहिला पावसाळाभर शेड यंत्रावाचून ठेवून कोठे गळते, कोठून ओल चढते, वारा कोठून आत येतो, ते पाहावे. फळ्यांची थप्पी तेवढी आत लावून टाकावी. गावातल्या एखाद्या मिस्त्रींकडे, त्यांच्या वेळेचे योग्य मोल देऊन, हाताच्या करवतीने सरळ चिरावयास याच काळात शिकावे. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, की मग नागदेवीला जावे. आणि पात्यामागे पाचर नसलेला टेबल-सॉ कितीही स्वस्त मिळत असला, तरी तो न घेता परत यावे.